दिवे लागल्यावर

डॉक्टरांनी लेटरहेडच्या पाठीवर चित्र काढलं.
हाडाची पोकळी, आत गोल गोल,
काही रिकामे, काही पेनानं भरलेले.
एकवीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा आहे मी,
कसलंही ड्रॉइंग वाचतो.
हे वाचता आलं नाही.
मी बघत राहिलो पेनाच्या टोपणाकडे.
चावलेलं होतं ते.
एवढा मोठा डॉक्टर टोपण चावतो,
त्या वेळी हा एकच विचार माझ्याकडे होता.

त्रिशलानं विचारलं, 'शाळेत कधीपासून घालू?'
डॉक्टर उठले,
पंखा एका नंबरनं कमी केला,
परत येऊन बसले.

खाली पार्किंगवाल्याशी मी भांडलो,
दहाचे वीस मागितले म्हणून.
कॉलर धरली. विशीतलं पोरगं.
'काका, बोर्ड वाचा की,' एवढंच म्हणत होतं.
बोर्डावर वीसच होते.
त्रिशला गाडीपाशी उभी,
फाईल पदराखाली घेऊन,
पाऊस नव्हता तरी.

दसरा चौकात तांबड्या दिव्याचे आकडे उतरत होते.
अठ्ठावन्न. सत्तावन्न.
हे असेच उतरत राहावेत,
शून्यापाशी पोचूच नयेत.
मागनं हॉर्न.
तिनं पाठीला बोट लावलं. 'सुटला.'

हुपरीहून अक्कांचा फोन.
'काय म्हणाले रे?'
'अशक्तपणा आहे. गोळ्या दिल्यात.'
किती साफ उतरलं खोटं,
कडेला कूससुद्धा राहिली नाही.
'मग त्याला खजूर दे रोज चार.'
'देतो,' म्हणालो,
आणि लक्ष्मीपुरीत उतरून
अर्धा किलो खजूर घेतलेही,
चांगले बघून, निवडून, भाव करून.

त्रिशला अवाक्षर बोलली नाही.
वाटलं, हिला कळलेलंच नाही.
मग वाटलं, हिला कधीचं ठाऊक होतं,
मलाच तेवढं नव्हतं.
दोन्हीचा राग आला.
गाडी खड्ड्यातनं मुद्दाम नेली.
तिनं खांदा धरला नाही.

सन्मती मगदूम काकूंच्या जिन्यात बसला होता,
पायात माझ्या चपला.
'बाबा, मॅच काय झाली?'
'ड्रॉ.'
स्टेडियमवर आज कोण खेळलं
हेही मला ठाऊक नव्हतं.
'ड्रॉ म्हणजे दोघं हरले का दोघं जिंकले?'
मी चपला काढून घेतल्या त्याच्या पायातनं.

आमच्यात दिवे लागल्यावर जेवत नाहीत.
वरात लांबली त्या दिवशी
त्रिशला नवी नवरी उपाशी झोपली.
ह्याच्या वेळी कळा देत असतानाही
खिडकीकडे बघून विचारलेलं तिनं,
'ऊन आहे का अजून?'
आज ऊन कुठल्या चौकात संपलं
आम्ही बघितलं नाही.

आजाऱ्याला सूट असते.
दोन महिने त्याचं ताट रात्रीच वाढतो,
मऊ भात, तूप, चिमूटभर मेतकूट.
त्यानं घास केला आणि तिच्यासमोर धरला.
'तू पण खा की.
मी एकट्यानं किती दिवस खाऊ रात्रीचं?'

तिनं माझ्याकडे बघितलं.
दवाखान्यातनं निघाल्यापासून पहिल्यांदा.
विचारत नव्हती काही.
मग तोंड उघडलं.

एक घास. दुसरा तिनं स्वतःच घेतला.
तिसरा.
भराभर चावत होती,
शेतावरनं आलेल्या माणसासारखी,
डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरला लावून.
त्याला गंमत वाटली. टाळी वाजवली त्यानं,
सलाईनच्या सुईनं निळ्या झालेल्या हातानं, हळू.

मी उठलो, ट्यूबच्या बटणाशी गेलो.
का गेलो, सांगता येणार नाही.
'राहू दे,' ती म्हणाली तोंडात घास असताना,
'त्याला भात दिसायचा नाही.'