वाऱ्याची सफरचंदं

हिरवं पान, त्यावर बारा चांदण्या.
खाली मुंगीच्या पावलांची अक्षरं :
देश, तपासणाऱ्या संस्थेचा आकडा,
आणि पिकलं कुठे.
लोक चांदण्या पाहून पिशवी भरतात.
मी आकडा वाचतो.
त्या आकड्यात थोडासा मी आहे.

विन्श्गाऊच्या खोऱ्यात
दुपारी दीडच्या सुमारास वारा सुटतो,
रोज, नोकरीला लागल्यासारखा.
नोटबुर्गाच्या बागेत मी कात्री घेऊन उभा,
शेवटच्या तीन ओळींत, शेजाऱ्याच्या तारेला लागून.
दर झाडाची चार पानं कागदी पाकिटात,
पाकिटावर सही तिची आणि माझी.
तिनं कॉफी विचारली.
तपासनिसानं काही घ्यायचं नसतं, म्हणालो.
मग निदान बस, म्हणाली.
मी बसलोही नाही.

तिच्या वह्या चोख.
शेणखत कुठल्या गोठ्यातलं, किती गाड्या,
गंधक कोणत्या पहाटे.
बदलाची ती तीन वर्षंही तिनं काढली,
कष्ट सेंद्रिय आणि भाव साधा.

अठरा दिवसांनी अहवाल आला.
त्यात एक नाव होतं,
जे तिच्या कोठारात कधी शिरलं नव्हतं.
कोनराडच्या फवाऱ्यातलं.
वाऱ्याचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो.
मी लिहिलं : तीन ओळी, पान लागू नाही.
ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारच्या बाजारात तिच्यापुढे दोन पेट्या.
एकीवर पान.
दुसरीवर पुठ्ठा, तिच्या तिरक्या अक्षरात :
‘वाऱ्याची सफरचंदं.
मी काही मारलेलं नाही. भाव निम्मा.’
बाबागाडीवाली एक बाई विचारते, बाळाला कुठली देऊ?
नोटबुर्गा माझ्याकडे बोट करते :
यांना विचारा, हे कायद्याचे.
मी मर्यादा सांगितली, त्याखालचे दशांश सांगितले.
बाईनं दशांश ऐकले
आणि एक फळ उचलून वास घेतला.
मग दोन्हींतली घेतली.

मीही दोन किलो वारा घेतला,
पैसे पुरे दिले.
तिनं निम्मे मोजून परत केले.
लिहिला तोच भाव.

फेब्रुवारीत बोल्झानोच्या दुकानात
तेच पान, त्याच चांदण्या,
खाली बारीक : युरोपबाहेरची शेती.
अठरा हजार किलोमीटर खारं पाणी ओलांडून आलेली लाली.
पान खोटं नव्हतं.
पानाला कुणी समुद्राबद्दल विचारलंच नव्हतं.
मी फळ होतं तिथे ठेवलं. पुन्हा उचललं.
घरी लेकीला हीच आवडतात.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी.
तारेच्या पलीकडे कोनराड खड्डे खणत होता,
शेजारी हेझलची रोपं, करंगळीएवढी.
आडोसा व्हायला किती वर्षं?
सहा, म्हणाला. जगली तर.
मग कपाळ पुसत : हे लिहितोस का तुझ्या कागदात?

माझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही.
समासात लिहिलं, पेन्सिलीनं :
हेझल, एकेचाळीस.
दीड वाजला होता.
कागद हातातून सुटू पाहत होता.