धूपछाव

स्नेहलतागंजातल्या आमच्या गच्चीवर
हमेलियाच्या झुडपाशी एक पक्षी आला,
अंगठ्याएवढा, चोच आकड्यासारखी.
मी वहीत लिहिलं: काळा. सकाळी सात-चाळीस.

दुसऱ्या दिवशी निळा आला.
मग जांभळा. मग एक हिरवट झाकेचा,
छातीवर वाळल्या कुंकवाची पट्टी.
आठवड्यात चार जाती जमल्या माझ्याकडे.
नळपट्टीच्या खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस मी,
प्रत्येकीला स्वतंत्र रकाना दिला.

शेजारचे अब्बासभाई कपडा मार्केटातले जुने व्यापारी.
त्यांनी आधी वही पाहिली, मग झुडूप,
मग बराच वेळ पुन्हा झुडूपच.
"साहब, ये चार नहीं, एक ही थान है.
धूपछाँव.
ताना अलग, बाना अलग.
छाँव में काला ही दिखेगा, ज़रा हिलने तो दो."

तो हलला.

पुण्याहून मागवलेल्या पुस्तकात तो शिंजीर,
माळ्याच्या तोंडी शकरखोरा.
मी घरात एक नाव वापरतो, जिन्यात दुसरं,
इंदुरात राहून एवढी सवय असतेच.

आणि ती पिवळ्या पोटाची, मळकट पाठीची,
जिला मी फुलटोच्या म्हणून लिहिलं, खोडलं,
चष्मेवाला म्हणून पुन्हा लिहिलं
(डोळ्याभोवती चष्मा नव्हता, तरी)
ती त्याची बायको निघाली.
चैत्रात कपड्यांच्या तारेवर तिनं एकटीनं घरटं टांगलं:
कोळिष्टकं, साल, सुरवंटाची विष्ठा,
आणि एक गुलाबी दोरा.
दोरा कुठल्या मिलचा, ते अब्बासभाईंनी
दुर्बिणीशिवाय सांगितलं.

पाऊस सरला तसा जांभळा दिसेना.
झुडपावर रोज दोन माद्या.
एकीच्या गळ्यावर मात्र
हनुवटीपासून पोटापर्यंत काळी रेघ,
टाक झटकताना शाई ओघळावी तशी.
पुस्तक उघडायच्या आत अब्बासभाई म्हणाले,
"वही है.
रंग उतर गया है, बस."

सकीनाबेन गेल्यापासून
त्यांनी दाढीला मेंदी लावलेली नाही.
हे मी वहीत लिहिलं नाही.

आज सात-पन्नास. ढग.
शिंजीर, नर, एक.
पेन्सिलनं.