थांबे

पिठाच्या तराजूवर ठेवला तेव्हा
नऊशे चाळीस ग्रॅम भरला,
त्यात गळ्यातली घंटी आलीच.
जात उंदीरमारांची. याचे पूर्वज म्हणे
प्रागच्या राजवाड्यात मेजाखाली घुशी धरत.
हा माझ्या लोकरी सपातेलाही
वळसा घालून जातो, दबकत.
नाव क्नोफ्लीक. आमच्या भाषेत बटण.
हरवलं की कपाटाखाली सापडणारं.

डॉक्टरीण म्हणाली, जितके महिने तितके तास.
तीन महिन्यांचा जीव, तीन तास धरून ठेवील.
माझी पाळी सहाला लागते, अडीचला सुटते.
चष्म्याच्या काचा घासते मी,
उणे चार, उणे साडेसहा,
लोकांना लांबचं दिसावं म्हणून.
मला त्यात दिसते स्वयंपाकघरातली फरशी
आणि तिच्यावर पसरत चाललेलं तळं.

दहाला सुट्टी, अर्धा तास.
ट्राम अकरा मिनिटं जायला, अकरा यायला,
उरली आठ.
आठात लिफ्ट, किल्ली, ओले कागद,
काखेत घे, खाली ने, बर्फाच्या कडेला उभा कर,
कर ना रे राजा, कर.
हा वाऱ्याकडे बघत बसतो
जन्मात कधी कसली घाई नसल्यासारखा.
मग वर आणल्यावर, पायपुसण्यावर.
डबा मी ट्राममध्ये उभ्यानं खाते.
कधी खातच नाही.

फेब्रुवारीत दाराच्या फटीतून चिठ्ठी आली.
वहीचा कागद, टपोरं अक्षर, खाली सहीसुद्धा:
कुत्रं रडतं. सात ते नऊ. शेबेस्टा, चौथा मजला.

शेबेस्टा म्हणजे निवृत्त ट्रामचालक.
जिन्यात भेटले की टोपीला हात लावतात,
तोंड उघडत नाहीत.
बायको गेल्यापासून त्यांच्या दाराशी
बुटांचा एकच जोड असतो.

जुना फोन मी फडताळावर ठेवून गेले, आवाज टिपायला.
म्हटलं, ऐकू तरी काय पाप करतेय ते.
रात्री ऐकलं. तो मांडीत, पोट वर करून.
दार लागल्याचा आवाज. माझाच.
मग नखं, टिकटिक, दारापर्यंत.
मग रडणं, सुईच्या टोकाएवढं.
लिफ्ट थांबली की गप्प.
लिफ्ट गेली की पुन्हा.
मी पुढे पुढे सरकवत गेले.
सात वाजून बावीस मिनिटांनी
बाहेर कुणीतरी खाकरलं.

घोगरा आवाज, सावकाश,
बरेच दिवस न वापरलेला:
"पुढचा थांबा, मारिआन्स्के होरी."
शांतता.
"पुढचा थांबा, हुल्वाकी."
नखं दाराशी आली. थांबली.
"नोवा वेस. दारं सांभाळा."
"स्विनोव्ह. गाडी बदलणाऱ्यांनी इथे उतरावं."
ते शेवटच्या थांब्यापर्यंत गेले
आणि तिथून उलटे परत आले,
एकही थांबा न गाळता.
दुसऱ्या फेरीत कुठेतरी
दाराच्या आतल्या बाजूला घंटी एकदा वाजली,
कूस बदलावी तशी,
आणि मग नाही वाजली.

पहाटे कचरा टाकायला निघालेले भेटले.
टोपीला हात लावला.
मीही काही बोलले नाही.
बोलले असते तर आले नसते पुन्हा,
माझे वडील असलेच होते.
त्यांची पाठ वळल्यावर
स्वयंपाकघरातलं स्टूल मी दाराबाहेर ठेवलं,
विसरल्यासारखं.

दुपारी आले तर स्टूल
वीतभर दाराकडे सरकलेलं.
आत तळं होतंच, नेहमीच्या जागी.
गुडघ्यावर बसून पुसत होते
तर हा बोळ्याशी भांडायला आला,
आणि माझ्याही तोंडून, का कोण जाणे,
हुल्वाकी, म्हटलं मी त्याला. हुल्वाकी.
त्यानं बोळा सोडला
आणि दाराकडे पाहिलं.