रुमालाखाली

सांगलीच्या यार्डात
अण्णा हळदीचा भाव बोटांनी बोलायचे.
रुमालाखाली दोन हात, वर दोन कोरे चेहरे.
तिसऱ्याला दिसायची ती फक्त
कापडाची हालचाल.

मी आणि शाहीन बारगीर
विश्रामबागेत, तिच्या गच्चीवर,
सात कंपन्यांची सात पाकिटं मांडून बसलोय.
सगळी कुरिअरनं मागवलेली, आमच्याच खिशातून.
कुठलं किती दिवसांत आलं,
कुणाचा कोपरा फाटला,
शाहीन वहीत लिहिते.
सात ग्लास कोमट पाणी.
एकात हळद निवांत तळाशी जाते,
एकात पाणीच इतकं पिवळं की डोळ्यांत भरतं.
"हे सगळ्यात जास्त खपतं," शाहीन म्हणते,
आणि आम्ही दोघं थोडा वेळ
काहीच बोलत नाही.

रात्री मी अभिप्राय वाचतो.
एका चांदणीचेच.
पाचवाले 'मस्त' म्हणून मोकळे होतात,
चिडलेला माणूस मात्र मन लावून लिहितो.
झिप लागत नाही. डब्यात ओतताना ओटा पिवळा झाला.
फोटोत मोठं दिसत होतं.
बायको म्हणाली, आधीचीच आण.
चारशे बारा तक्रारी, शाहीननं रकाने पाडले:
रंगाच्या थोड्या, वासाच्या त्याहून थोड्या,
बाकी सगळ्या पाकिटाच्या.

आणि एक इंदूरची,
पहाटे अडीचला लिहिलेली:
हळद चांगली आहे. पण अर्धा किलो.
आता एकटीच असते. संपत नाही.
चांदणी एक.

हिला कुठल्या रकान्यात घालायचं?
शाहीननं आमचा अर्धा किलो खोडला,
वर लिहिलं, पन्नास ग्रॅम.
म्हटलं, अगं, पाकिटालाच तीन रुपये जातात,
कुरिअर वेगळं, परवडायचं कसं?
ती म्हणाली, चहा गार होतोय.

घरी अण्णांना सगळं सांगितलं.
त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक कुठलं?"
"इंदूरचं."
"बघितलंयस?"
"नाही."
"आवाज तरी?"
"नाही."

मग खांद्यावरचा रुमाल काढून
त्यांनी माझ्या हातावर टाकला
आणि आत माझी बोटं धरली.
दोन दाबली, सोडली, पुन्हा एक.
तो भाव होता, की होकार,
की नुसतीच जुनी सवय,
मला ओळखता आलं नाही.
तरी मी चेहरा कोरा ठेवला.
तेवढं लहानपणी
बघून बघून आलंय.