हातचा

पिट्सबर्ग, फेब्रुवारी. नदीकाठचा बर्फ कोळशाच्या रंगाचा.
पोलादाचा कारखाना बंद होऊन सात महिने झाले,
तरी बाबांना पहाटे चारला जाग येते.

मी तळघरात, विद्यापीठाच्या लिस्पचा कंपायलर
नीट करत बसलेली.
कंसात कंस, आणि सगळ्यांत आत
एक साधं अधिकचं चिन्ह.

साधं कुठलं!
लिस्पमध्ये अधिक हे एक फंक्शन, आणि भारी संशयी.
दारात येईल त्या आकड्याला विचारणार:
तू पूर्णांक? अपूर्णांक? दशांशवाला?
की काल्पनिक भाग काखेत मारून आलायस?
दोनात दोन मिळवायचे,
तर आधी वीसेक पायऱ्या नुसत्या चौकशीच्या.

बाबा म्हणाले, हा तर आमचा मिहाल, फाटकावरचा.
माझ्या लग्नात नाचला होता,
तरी एकतीस वर्षं रोज तेच,
"बिल्ला दाखव, ह्रिन्याक."

मग मी दाखवलं, मिहालला कसं टाळतात ते.
दोन्ही आकडे आधीच ठाऊक असले
तर कंपायलर बेरीज स्वतःच उरकून टाकतो,
चालत्या प्रोग्रामला आयतं उत्तर.
तिघं एकदम आले, तर आधी दोघं, मग तिसरा.
आणि मी लिहून दिलं, की सगळे छोटे पूर्णांकच, माझी हमी,
तर फाटक, चौकशी, जाणं-येणं, सगळं गळतं.
उरते यंत्राची एकच आज्ञा: मिळव.
छोट्या पूर्णांकाच्या शेपटाला खुणेची दोन शून्यं.
शून्यात शून्य, खूण तशीच,
बिल्ला खिशातून न काढता दोघं आत.

"किती जलद?"
"चौदापट."

ते वर गेले आणि बुटाच्या खोक्यातून वह्या घेऊन आले.
त्यांच्या काट्यावरून गेलेलं लोखंड, पौंडात,
तीनशे बहात्तर महिने.
मी सगळे भरले. तपासणी बंद ठेवली होती,
वेगाची हौस.

उत्तर आलं: उणे ४६,१३,३३,४७४.

हमी माझी होती. बेरीज छोटी राहिलीच नव्हती,
आणि टोकायला दारात कुणी नव्हतं.
बाबा पडद्याकडे बघत राहिले.
"म्हणजे एवढं मीच त्यांचं देणं लागतो,"
म्हणाले, आणि हसता हसता खोकले.

रात्री मी एक ओळ परत घातली.
मिळव, आणि मग बघ, उतू गेलं का.
त्यासाठी यंत्राकडे एक झेंडा असतोच,
बघायला जवळजवळ काही लागत नाही.
गेलंच उतू, तर मोठ्या आकड्यांच्या सावकाश वाटेने जा,
जागा मागून घे, हातचा धर.

६१,२४,०८,३५०.

बाबांनी छापून मागितलं. विश्वास नव्हता.
पहाटे वर आले तर स्वयंपाकघरात दिवा,
पेन्सिल, रकान्याच्या डोक्यावर बारीक बारीक हातचे.
"मिहाल कुठे असतो हल्ली?"
"फ्लोरिडात, मुलीकडे," म्हणाले,
आणि बोलण्याच्या नादात हातचा विसरले.
खोडून पुन्हा वरून सुरुवात.