एक पाऊल मागे

गोळीबार चौकात, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर
नखाते सरांचा क्लास. सात ते आठ.
बारावीची पोरं पुढे, मी शेवटच्या बाकावर,
डब्याची पिशवी पायाशी.

आज सरांनी फळ्यावर अवतरणचिन्हं काढली
आणि डस्टरनं पुसून टाकली.
म्हणाले, दुसऱ्याच्या तोंडातलं वाक्य
आता आपल्या तोंडात घ्यायचं. पण धुऊन.
विलचं वुड. हिअरचं देअर.
काळ एक पाऊल मागे.

जन्म पाचपावलीत गेला,
एक पाऊल मला जड जाऊ नये.

सोनकुसऱ्यांचा विपुल उठला:
सर, नुसतं 'म्हणे' लावलं तर नाही चालत का?
सोसायटीचे पैसे भेटून राहिले म्हणे.
सर हसले नाहीत. हू सेड?
आधी कोण म्हणालं ते सांग.
विपुल बसला. काय सांगेल?
आमच्या गल्लीत कोणीच काही म्हणत नाही,
सगळं म्हणेच असतं.

मग क्रियापदं.
सेडवर भागवू नका. माणूस कबूल करतो, नाकारतो,
बजावतो, विनवतो, शब्द देतो.
हे मला लगेच समजलं.
धंतोलीच्या लॅबमध्ये मी नळ्या लावते:
लाल झाकण, जांभळं झाकण, करडं.
रक्त तेच, पण चुकीच्या नळीत गेलं
की रिपोर्ट खोटा.

गृहपाठ: घरातलं एक वाक्य आणा.

आमच्या घरात एकच वाक्य आहे. हेमराजचं.
सुरतेला निघताना, दारात,
चपलेचा अंगठा नीट करत म्हणाला होता:
माग विकू नको ताई, मी उद्या फोन करतो.
नऊ वर्षं झाली.
आई अजून शेजारणीला सांगते,
उद्या फोन करतो म्हणून गेला.
मराठीत ते वाळतच नाही.
करतो म्हणजे करतो. उद्या म्हणजे उद्या.
माग विकला, त्या जागी फ्रिज आला,
उद्या तिथंच.

जेवणं झाल्यावर वही उघडली.
हेमराज सेड. खोडलं.
हेमराज प्रॉमिस्ड. तेही खोडलं,
शब्द देणारा माणूस चपलेकडे बघत नाही.
जागा कोरी सोडून पुढचं लिहिलं:
दॅट ही वुड कॉल द नेक्स्ट डे.

नेक्स्ट डे.
म्हणजे त्या मंगळवारनंतरचा बुधवार.
नळाला पाणी आलं होतं त्या दिवशी,
मी दोन चादरी धुतल्या होत्या.
तो कधीच होऊन गेला.
पेन्सिल ठेवून मी जरा वेळ
फ्रिजचा आवाज ऐकत बसले.

आई आतून म्हणाली,
काय लिहून राहिली वं एवढ्या रात्री?
हेमराजचं वाक्य, मी म्हटलं.
ती उठून बसली.
काय म्हणते तो?

उद्या फोन करतो म्हणते.