तळाची ओळ

दर फेब्रुवारीत पोस्टर लागतं मासळीच्या कारखान्यात,
हजेरीच्या घड्याळाशेजारी.
रॉग्वी लांबूनच वाचतो वरची तीन नावं,
डोळ्यांच्या डॉक्टरकडचा तक्ता वाचावा तशी,
आणि म्हणतो, यंदा काही खास नाही.
मी नाक टेकवून खालून सुरुवात करते.
तळाशी, तंबूच्या भाड्याच्या जरा वर,
औषधाच्या कागदावर दुष्परिणाम छापतात त्या आकारात,
‘ओले हातमोजे’.
आहेत. चला.

बारा वर्षं मी त्यांना त्याच ओळीत पाहिलंय.
दुपारी दोनची वेळ, वाऱ्यानं फडफडणारं छत,
समोर आम्ही अकरा जण आणि एक चुकलेलं मेंढरू.
(थाप नाही. ते शेवटच्या गाण्यापर्यंत थांबलं.
ड्रमवाल्याच्या मामाचं निघालं.)

मग तो सिनेमा आला.
कोपनहेगनमधली कुणी बाई नवऱ्याला सोडून निघते,
बंद गाडीत नुसतीच बसून राहते,
आणि सुन्वाचा आवाज लागतो.
चाळीस सेकंद. मी मोजले, तीनदा तिकीट काढून.
एक्केचाळिसाव्याला ती उतरते, दार आपटते,
आणि गाणं तिथल्या तिथे तुटतं,
कॉडचं डोकं उडावं तसं.
दिवसाला हजार डोकी माझ्या हातून जातात,
सुरी कुठे बसली ते मला ऐकूनही कळतं.

त्या गाण्यात नवरा नाहीच मुळी.
आजोबांचा रेडिओ आहे, स्वयंपाकघरातला,
बोटींचं बोलणं पकडणारा.
दुसऱ्या कडव्यात सुन्वा बेटांची नावं घेते,
मग वाऱ्याच्या दिशा, मग परतलेल्या बोटी,
एकेक करून, घाई न करता,
आणि एका बोटीचं नाव येत नाही.
बस. एवढंच आहे दुसऱ्या कडव्यात.

राग आला का? आला.
पण खोटं कशाला बोलू,
दुसऱ्यांदा पाहताना मी रडले ते त्या गाडीतल्या बाईसाठी,
आजोबा आठवलेसुद्धा नाहीत.
माझी आई जन्मभर एक फ्रेंच गाणं गुणगुणायची,
कुठल्याशा सिनेमातलं, निम्मंच,
इस्त्री करताना, त्याच जागी येऊन थांबायची
आणि पुढची बाही घ्यायची.
उरलेलं कुठेतरी असेल
असं तिला कधी वाटलंच नाही.
मलाही नाही.

यंदा पोस्टरवर ते दुसऱ्या ओळीत.
रॉग्वीनं दारातूनच वाचलं:
हे ते सिनेमावाले ना?

रात्रीचे दहा, आमच्याकडे जुलैत असतो तसा उजेड,
चार हजार माणसं, तळलेल्या कांद्याचा वास.
पहिला सूर लागला आणि सगळ्यांनी तोंड उघडलं.
चाळीस सेकंद अख्खी क्लाक्सव्हीक गात होती,
डोंगरावरून आवाज परत येत होता,
माझ्या अंगावर काटा, आणि त्या काट्याचाही राग.
आणि मग, कुणी खूण न करता,
सगळे एकदम थांबले.
दार आपटलं होतं.
टाळ्या. शिट्ट्या. काही जण बिअरच्या रांगेकडे वळले.

सुन्वा थांबली नाही.
डोळे मिटून तिनं बेटांची नावं घ्यायला सुरुवात केली.
मी गायले. बेसूरच गाते मी,
कारखान्यात मशिनखाली खपून जातं, इथे खपेना.
पुढच्या पोरीनं वळून पाहिलं.
डावीकडून अजून एक आवाज आला, जाड, खरखरीत:
ड्रमवाल्याचा मामा, पिवळ्या रेनकोटात,
एकेक बोट किनाऱ्याला लावत होता.
आम्ही दोघं,
आणि एवढ्या माणसांची शांतता, जरा अवघडलेली,
चर्चमध्ये चुकून शिरल्यासारखी.

रॉग्वीनं माझी बाही ओढली.
‘हे अजून आहे?’
मी मान हलवली.
तिसरं कडवं तर यायचंच होतं.